ह्यूमसाहेब आणि रानपिंगळा
(बी. ए. भाग २)

इतिहासाच्या पुस्तकात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव एका ओळीपुरते येते. राष्ट्रीय सभेची स्थापना डिसेंबर १८८५, स्थळ मुंबई, संस्थापक ह्यूम. एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. पुढच्या ओळीत व्योमेशचंद्र बॅनर्जी येतात, मग नेमस्त, मग जहाल, आणि ह्यूमसाहेब मागे पडतात ते कायमचेच. परंतु हेच ह्यूम पक्ष्यांवरच्या पुस्तकांत मात्र पानोपानी भेटतात. तेथे राष्ट्रीय सभेचा उल्लेखही नसतो. तेथे ते हिंदुस्थानच्या पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक आहेत. एकाच माणसाची दोन चरित्रे अशी दोन कपाटांत वेगवेगळी ठेवलेली आहेत. ग्रंथालयातील या दोन कपाटांमधले अंतर फार तर दहा पावलांचे असेल. ते चालून गेल्यावर मला जे वाचायला मिळाले ते आपणापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. या चरित्राला आपल्या भागातल्या जंगलाशी जोडणारा एक लहानसा पक्षीही आहे. त्याचे नाव रानपिंगळा.

ह्यूम यांचा जन्म १८२९ सालचा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटातले कडवे सुधारणावादी सभासद. सरकारी उधळपट्टीवर बोट ठेवणारे म्हणून प्रसिद्ध. मुलाचे शिक्षण ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात झाले, आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज इस्पितळात त्यांनी वैद्यकाचेही धडे घेतले. १८४९ साली, म्हणजे आज आपण ज्या वयात बी. ए. च्या वर्गात बसतो जवळजवळ त्याच वयात, ते बंगाल सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन हिंदुस्थानात आले. नेमणूक झाली ती हल्लीच्या उत्तर प्रदेशातील इटावा येथे.

इटाव्यात या तरुण अधिकाऱ्याने पहिले कोणते काम हाती घेतले असेल, तर ते मोफत प्राथमिक शाळांचे. १८५७ पर्यंत त्यांनी जिल्ह्यात १८१ शाळा उभ्या केल्या होत्या आणि त्यांत ५,१८६ मुले शिकत होती. या ५,१८६ मध्ये मुली होत्या दोन. माझे बोट त्या आकड्यावर बराच वेळ थांबले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी थोरली बहीण सातवीनंतर धानाच्या रोवणीला जाऊ लागली, ती पुन्हा शाळेत गेली नाही. म्हणून दोन हा आकडा मला लहान वाटला नाही. कोणीतरी त्या दोघींना मोजले आणि लिहून ठेवले, हेच मला विशेष वाटले. पुढे इटाव्यात त्यांनी माध्यमिक शाळाही उभी केली. त्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. दारूच्या करातून सरकारने उत्पन्न काढावे हे त्यांना मान्य नव्हते. १८५९ साली ‘लोकमित्र’ नावाचे वृत्तपत्र काढण्यातही त्यांचा हात होता.

परंतु माणूस एकरंगी नसतो. १८५७ चा उठाव झाला तेव्हा ह्यूम अर्थातच पलीकडच्या बाजूला होते. इटाव्यातील शिपाई उठले, ह्यूम यांना आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. नंतर फौज उभारून ते परत आले आणि लढले. त्याबद्दल सरकारने त्यांना किताब दिला. आपण ज्याला स्वातंत्र्ययुद्ध म्हणतो ते मोडून काढणाऱ्यांत राष्ट्रीय सभेचा भावी संस्थापक होता, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. त्याच धामधुमीत त्यांनी तोवर जमवलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. ह्यूम यांनी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

१८६७ मध्ये ते अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त झाले. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या मधोमध एक जकात-रेषा आखली होती. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत तेवीसशे मैल लांब, आणि तिच्यावर पहाऱ्याला सुमारे बारा हजार माणसे. या रेषेवर मोठ्या लांबीचे जिवंत कुंपण लावलेले होते. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झुडपांचे हे कुंपण. गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी उभारलेली ही भिंत ह्यूम यांच्या देखरेखीखाली होती. सांभर सरोवराच्या मिठाबाबत संस्थानिकांशी झालेल्या ज्या करारांमुळे हे कुंपण पुढे अनावश्यक ठरले, त्या वाटाघाटींतही ह्यूमच होते. १८७९ मध्ये ती रेषा रद्द झाली. या नोकरीत त्यांना सतत फिरती असे आणि त्या फिरतीत ते पक्षी पाहत, टिपणे करीत, नमुने गोळा करीत.

१८७१ मध्ये महसूल, शेती व व्यापार असे नवे खाते निघाले आणि ह्यूम त्याचे सचिव झाले. सिमल्याच्या जाखू टेकडीवर त्यांनी ‘रॉथनी कॅसल’ नावाचे घर घेतले व त्यात पक्ष्यांचे संग्रहालय मांडले. १८७२ पासून ते ‘स्ट्रे फेदर्स’ या नावाचे पक्षिशास्त्राचे नियतकालिक काढू लागले. नावाचा अर्थ, इतस्ततः विखुरलेली पिसे. देशभर पसरलेले अधिकारी, इंजिनियर, मळेवाले, हौशी शिकारी ह्यूमसाहेबांना पत्रे लिहीत आणि पक्ष्यांची कातडी पाठवीत. सिंध, अंदमान, लक्षद्वीप, मणिपूर अशा मोहिमा त्यांनी स्वतः काढल्या. त्या काळात पक्षी ओळखण्याची रीत म्हणजे तो मारून हातात घेणे हीच होती. दुर्बिणीतून बघून वहीत लिहिण्याची चाल पुष्कळ नंतरची. म्हणून ह्यूम यांच्या कपाटांत जे ज्ञान साठले होते, त्याची किंमत हजारो पाखरांनी दिली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आता रानपिंगळ्याकडे वळते. आपल्या गोंदियापासून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेने निघालो की देवरी-सालेकसाच्या डोंगररांगा मागे टाकून छत्तीसगडचा मुलूख लागतो. रायपूरच्याही पूर्वेला बसना आणि फुलझर हा भाग आहे. तेथे डिसेंबर १८७२ मध्ये ब्लुइट नावाच्या संग्राहकाला एक लहान घुबड मिळाले. त्याचे कातडे ह्यूम यांच्याकडे आले. वरवर पाहता तो साधा पिंगळाच. परंतु ह्यूम यांनी तो आपल्या संग्रहातल्या पिंगळ्यांशेजारी ठेवला आणि त्यांच्या लक्षात आले की हा निराळा आहे. १८७३ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’च्या पहिल्याच खंडात त्यांनी त्याचे वर्णन छापले व नाव दिले ‘हेटेरोग्लॉक्स ब्लुइटी’. ग्रीक भाषेतून घेतलेल्या पहिल्या शब्दाचा अर्थ वेगळे घुबड, आणि दुसरा शब्द ब्लुइटच्या गौरवासाठी.

हा वेगळेपणा कशात आहे ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्या गावात चिंचेवर, मोहाच्या ढोलीत, शाळेच्या कौलांखाली राहणारा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके दाट असतात. पोटावरही तपकिरी खुणा असतात. संध्याकाळ झाली की तो चिरक्या आवाजात भांडू लागतो. रानपिंगळा आकाराने त्याच्यासारखाच, वीतभर, साधारण २३ सेंटिमीटर. पण त्याचे डोके व पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, राखट तपकिरी. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी आणि त्याखाली पोट स्वच्छ पांढरे. पंखांवर व शेपटीवर गडद आणि पांढरे असे ठसठशीत रुंद पट्टे. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी. पाय दणकट आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले, जणू थंडीत मोजे घातले आहेत. डोळे पिवळेजर्द.

राहणीही निराळी. गावठाण, देऊळ, पडका वाडा असे ठिकाण त्याला नको. त्याला हवे पानगळीचे, विरळ, सागाचे प्राबल्य असलेले जंगल. घुबड म्हटले की रात्र, ही आपली समजूत. हा मात्र दिवसा शिकार करतो. हिवाळ्याच्या सकाळी सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसतो, खाली पालापाचोळ्यात सरडा, सापसुरळी, उंदीर किंवा टोळ हलला की झेप घेतो. चिडला किंवा सावध झाला की शेपटी झटके देत हलवतो. अंडी झाडाच्या ढोलीत घालतो. विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे. म्हणजे जुनी, ढोली असलेली झाडे तोडली की त्याचे घरच गेले.

१८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूवैज्ञानिकाला हा पक्षी खरियारजवळ मिळाला, आणि १८८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला खानदेशात शहादे-तळोदे भागात. शेवटचा नमुना १८८४ चा. सगळे मिळून सात. त्यानंतर मात्र रानपिंगळा जणू पृथ्वीच्या पाठीवरून पुसला गेला.

इकडे ह्यूम यांच्या आयुष्यातही पानगळ सुरू झाली होती. शेतकऱ्यांची कर्जे, दुष्काळ, शेती सुधारणा यांबाबत ते सरकारला उघड सुनवीत असत. व्हाइसरॉय लिटन यांच्या राजवटीत, १८७९ मध्ये, त्यांना सचिवपदावरून काढून अलाहाबादला परत धाडण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. आता उरलेले आयुष्य एका ग्रंथासाठी द्यायचे असे त्यांनी ठरवले होते. हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांचा समग्र ग्रंथ. त्यासाठी पंचवीस वर्षांची टिपणे सिमल्याच्या घरात रचून ठेवली होती. १८८४ च्या सुमारास हिवाळ्यात ह्यूम घरी नसताना एका नोकराने ते कागद बाजारात रद्दी म्हणून विकले. पुड्या बांधायला कागद लागतोच. पंचवीस वर्षांची पाखरे मीठमिरचीच्या पुड्यांतून घरोघर गेली असतील. त्या नोकराचा मला राग येत नाही. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने कागद हा कागदच असतो, आणि त्याला वजन तेवढे असते.

या घटनेनंतर ह्यूम यांनी ग्रंथाचा नाद सोडला आणि सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो नेण्यासाठी १८८५ मध्ये रिचर्ड बाउडलर शार्प हे तज्ज्ञ सिमल्यास आले. देवदाराच्या लाकडाच्या ४७ पेट्या तेथेच बनवण्यात आल्या. सुमारे ८२,००० नमुने त्यांत भरले गेले. प्रत्येक पेटी अर्ध्या टनाची. बैलगाड्यांतून त्या काल्क्याला उतरल्या आणि पुढे मुंबई बंदरात गेल्या.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच मुंबईत, २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. अधिवेशन खरे पुण्यात व्हायचे होते. तेथे पटकीची साथ आल्याने ते मुंबईत हलवावे लागले. ही सभा जमवण्यामागे ह्यूम यांचे दोन-तीन वर्षांचे पत्रव्यवहाराचे श्रम होते. १८८३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना पत्र लिहून त्यांनी देशासाठी झटणारी पन्नास निःस्वार्थी माणसे मागितली होती. कोणी म्हणतात की वाढता असंतोष निघून जावा म्हणून त्यांनी ही वाफेची झडप बसवली. लाला लजपतराय यांनी १९१६ साली असाच विचार मांडला. यावर आमच्या वर्गात वाद झाला आहे आणि यापुढेही होईल. मला एवढेच सुचवायचे आहे की ह्यूम यांची कामाची पद्धत दोन्हीकडे एकच होती. गावोगावच्या माणसांना पत्रे लिहायची, प्रत्येकाजवळ असलेले थोडेसे ज्ञान एकत्र आणायचे, आणि ते छापून सर्वांना परत द्यायचे. ‘स्ट्रे फेदर्स’ तसेच चालले होते. राष्ट्रीय सभाही तशीच बांधली गेली. विखुरलेली पिसे गोळा करण्याचा त्यांना सराव होता.

उतारवयात ते शाकाहारी झाले होते आणि नमुन्यांसाठी पाखरे मारणेही त्यांनी सोडले होते. १८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले. तेथे त्यांना वनस्पतींचा छंद लागला, आणि १९१० मध्ये त्यांनी दक्षिण लंडनमध्ये सामान्य लोकांसाठी वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली. ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

ह्यूम गेले तेव्हा त्यांचा रानपिंगळा शेवटचा दिसल्याला अठ्ठावीस वर्षे झाली होती. पुढे रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपल्याला तो मिळाल्याचे सांगितले, आणि नंतरच्या काळात काही शोधकर्ते त्या पत्त्यावर भरवसा ठेवून फिरले. तो नमुना म्युझियममधूनच चोरलेला, डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेल्या जुन्या कातड्यांपैकी एक होता. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सप्रमाण दाखवून दिले. खोटा पत्ता बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट खऱ्या नमुन्यांच्या मूळ ठिकाणी गेले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षे जगाच्या लेखी जो नव्हता तो आपल्या घरी सुखाने नांदत होता. त्यानंतर मेळघाट, यावल, तानसा आणि मध्य प्रदेशातील काही जंगलांत तो आढळला. म्हणूनच २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याची पायरी अतिसंकटग्रस्तावरून संकटग्रस्त अशी बदलली. धोका मात्र टळलेला नाही. सागवन तुटते आहे, आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेपायी त्याचा जीव घेतला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना संरक्षण आहे. पण कायदा जंगलात रात्री दगड अडवायला येत नाही.

या सगळ्यात मला एक गोष्ट सारखी टोचते. एकशे तेरा वर्षे तो कोणालाही दिसला नाही, असे आपण लिहितो. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांना, मेळघाटातल्या कोरकूंना तो दिसतच असणार. दिवसा उघड्या फांदीवर बसणारा पक्षी जंगलात राहणाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. फक्त त्यांनी पाहिलेले कोणी विचारले नाही, आणि त्यांना ते लिहिता येत नव्हते. ब्लुइटचे नाव पक्ष्याला मिळाले. साहेब लोकांना वाट दाखवणारे, झाड दाखवणारे, कातडे काढून वाळवणारे जे लोक असत त्यांच्या नावांना पुस्तकात जागा झाली नाही.

माझा आजा नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलात उभा जन्म वावरला. मोहफुले, तेंदूपत्ता, बांबू हेच त्याचे पोट. आवाजावरून तो पाखरू सांगतो. कोणत्या ढोलीत कोण राहतो, कोणते पाखरू कोणत्या महिन्यात गप्प होते, हे त्याला ठाऊक आहे. धनेशाची मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि नर तिला फटीतून चारा भरवतो, हे मी पुस्तकात वाचण्यापूर्वी त्याच्याकडून ऐकले होते. आज्याला सही येत नाही, अंगठा येतो. ह्यूमसाहेबांची टिपणे रद्दीत गेली, पण निदान रद्दी होण्याइतके कागद तरी होते. आज्याचे ज्ञान रद्दीतसुद्धा जाणार नाही. ते त्याच्याबरोबरच जाईल. तो आता शहात्तर वर्षांचा आहे आणि त्याला कमी ऐकू येऊ लागले आहे.

म्हणून दिवाळीच्या सुटीत मी दोनशे पानी वही घेतली आणि आज्याजवळ बसून लिहायला सुरुवात केली. पाखराचे आमच्या बोलीतले नाव, त्याचे झाड, त्याचा महिना, त्याचे खाणे. आतापर्यंत एकेचाळीस पाखरे झाली. पिंगळ्याचे पान काढले तेव्हा माय म्हणाली की अशुभ पाखराचे कशाला लिहितेस; आज्याने तिला सांगितले की पिंगळा घुशी-उंदीर खातो, धान राखतो. मी तेही लिहून घेतले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, गोरेगाव, देवरी, सालेकसा अशा भागांतून येतात. प्रत्येकाच्या घरी असा एखादा आजा किंवा आजी असेल. नकाशावर पाहिले तर रानपिंगळा प्रथम सापडला ते फुलझर आपल्या पूर्वेला आहे आणि तो आज जेथे राहतो ते मेळघाट आपल्या पश्चिमेला. मध्ये आपण आहोत आणि आपले ऐन, साग, धावडा, बिजा यांचे जंगल आहे. सुटीत गावी गेलात की सागाच्या शेंड्याकडे बघा. डोक्यावर ठिपके आहेत का, पोट पांढरे आहे का, पाय पिसांनी झाकलेले आहेत का, ते बघा. दगड मारू नका. तारीख, वेळ, झाड आणि गाव लिहून ठेवा, आणि ज्याने तुम्हाला ते झाड दाखवले त्याचे नाव सर्वांत आधी लिहा.